आरोग्य पत्रिकेत न दिसणारे चोपण

विदर्भातील पूर्णा नदीचे खोरे म्हणजे खचलेल्या भूभागात साचलेल्या गाळाचे मैदान होय. बेसॉल्टच्या विदारणातून आलेल्या या गाळाची जाडी काही ठिकाणी शंभर मीटरहून अधिक आहे. त्यावरील खोल काळी मृदा पाहून कोणासही ती सुपीकच वाटावी. परंतु अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांतील हाच प्रदेश ‘खारपाणपट्टा’ म्हणून ओळखला जातो.

या नावामुळे दोष केवळ खाऱ्या भूजलाचा आहे, असा समज होतो. तो अपुरा आहे. गाळ साचला म्हणून विदारण थांबत नाही. कमी पावसाच्या हवामानात खनिजांतून सुटलेले कॅल्शियम वाहून न जाता चुनखडीच्या रूपाने मातीतच स्थिरावते आणि चिकणमातीच्या कणांवर सोडियम व मॅग्नेशियम वाढत जातात. मग कण विखुरतात, छिद्रे बुजतात व पाणी खाली मुरेनासे होते. हे चोपण जमिनीच्या घडणीतूनच आलेले आहे. त्याचे खापर सरसकट शेतकऱ्याच्या माथी फोडणे अन्यायाचे ठरेल.

प्रश्न मोजमापाचा आहे. विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून अधिक असल्यास जमीन चोपण मानावी, हा निकष १९५४ च्या अमेरिकी हस्तपुस्तिकेमुळे रूढ झाला. पूर्णा खोऱ्यात मात्र हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास असतानाच निचरा खालावतो, असे नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोतील शास्त्रज्ञांनी दाखविले आहे. असे असताना २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेच्या १२ घटकांत ना विनिमययोग्य सोडियम आहे, ना जलवाहकता. नमुनाही वरच्या थराचा. दोष दडलेला असतो तो खालच्या थरात. गंगेच्या मैदानातील ऊसर जमीन पांढऱ्या पापुद्र्यावरून निदान ओळखू तरी येते. येथील काळ्या जमिनीवर तशी ठळक खूण क्वचितच आढळते.

प्रत्येक शेताची जलवाहकता मोजणे शक्य नाही, तशी अपेक्षाही नाही. पण सिंचनाचा नवा प्रस्ताव मंजूर करण्यापूर्वी त्या गावातील एका प्रातिनिधिक मृदाछेदाची, किमान एक मीटर खोलीपर्यंत, तपासणी बंधनकारक असावी. निचऱ्याची व जिप्समची तरतूद नसताना येथे कालव्याचे गोडे पाणीसुद्धा कण अधिकच विखुरते आणि मुळांपाशी कोंडून राहते.