कपडा बोलेल, पण ऐकणार कोण?



आपला भाग कापसाचा. कापसाचा धागा, धाग्याचा कपडा, आणि कपड्याचं काम अंग झाकणं, एवढंच आपल्याला ठाऊक. पण आता कपडा अंगाची खबरही देऊ लागला आहे. धाग्यावर चांदीचा मुलामा दिला की त्यातून वीज वाहते. असा धागा बनियनमध्ये विणून हृदयाचे ठोके टिपता येतात. आहे की नाही गंमत!

बंगळुरूच्या बेम्पू कंपनीने तर तान्ह्या बाळाच्या मनगटाला बांधायचा पट्टा तयार केला. बाळाचं अंग ऊबदार असलं की निळा दिवा लुकलुकतो. ते ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं, की नारिंगी दिवा लागतो आणि पट्टा वाजतो. दिवस भरण्याआधी जन्मलेलं, कमी वजनाचं बाळ लवकर गार पडतं. ते मोठ्यानं रडतही नाही. घरच्यांना वाटतं, झोपलंय. पण असं गार पडणं त्याच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून असा पट्टा खेड्यातही यायला हवा.

पण माझं म्हणणं असं, की पट्टा नुसता वाजतो, ऊब देत नाही. ऊब द्यायला माणूसच लागतो.

याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या बायांना शिकवून तयार केलं. त्या घरोघर जाऊन बाळाचा ताप, वजन, श्वास पाहत. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बाळांचे मृत्यू, हे काम नसलेल्या गावांच्या मानाने, सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं. तेव्हा कुणाच्या मनगटाला पट्टा नव्हता.

पुढे २०११ पासून देशभर आशाताई हेच काम करू लागल्या. त्यांच्या पिशवीत तापमापी, वजनकाटा आणि घड्याळ असतं. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्या घरी येतात. पण काही घरांत त्यांना ओसरीवरूनच चहा पाजून परत पाठवतात. "बाळाला दिष्ट लागंल," म्हणतात. हे बरं नव्हे.

म्हणून आई-वडिलांना विनंती, आशाताईंना आत येऊ द्या. जन्मल्या जन्मल्या बाळाला आंघोळ घालू नका. डोक्याला टोपरं बांधा. बाळ लहानखुरं असेल तर आईनं त्याला उघड्या छातीशी धरून वरून दुपटं पांघरावं. त्याला पैसा लागत नाही. बाळ गार लागलं, दूध ओढीना, तर लगेच दवाखाना गाठा.

आणि मित्रांनो, उद्या आपल्यापैकी कुणी असा कपडा विणेलही. तो जरूर विणावा. पण तो वाजला की धावून जाणारं माणूसही घरोघर तयार असावं, असं मला वाटतं.

– इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी