व्याप्तीचा आकडा आणि ‘दऱ्या’तील र

मराठी मजकूर पडद्यावर उमटण्यापूर्वी त्यातील युनिकोड क्रमांकांचे फाँटमधील योग्य आकृत्यांत रूपांतर व्हावे लागते, आणि अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स व लिबरऑफिस यांत हे काम हार्फबझ ही मुक्तस्रोत लायब्ररी करते. अशा लायब्ररीत कोणी बदल सुचवला की तो स्वीकारण्यापूर्वी कोड नव्याने बांधून सर्व चाचण्या आपोआप चालवल्या जातात. त्या चालताना कोडच्या किती ओळी आणि ‘जर-तर’च्या किती शाखा प्रत्यक्ष वापरल्या गेल्या, याच्या प्रमाणास चाचणीची व्याप्ती, म्हणजेच कव्हरेज, म्हणतात. एस्क्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीने प्रत्येक शाखा चाचणीखाली आणण्याचा जो दंडक पाळला आहे, तो आदर्श खराच. परंतु ओळ वापरली गेली एवढेच हा आकडा सांगतो, उत्तर बरोबर आले की नाही हे सांगत नाही.

याचे मराठीतील उदाहरण पाहू. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. पहिल्या शब्दात र हा रफार होऊन ‘या’च्या डोक्यावर चढतो, तर दुसऱ्यात तो पापणीसारख्या आडव्या खुणेने ‘या’च्या आधी बसतो. हिंदीला या खुणेची गरज नाही. मराठी, कोकणी व नेपाळीला आहे. युनिकोडमध्ये ती दोन प्रकारे लिहिता येते: ‘ऱ’ला हलंत जोडून, किंवा ‘र’ आणि हलंत यांच्यानंतर शून्य रुंदीचा जोडक ठेवून. यातील पहिला प्रकार इतर कोणत्याही अर्ध्या व्यंजनाच्या वाटेनेच जात असल्यामुळे, केवळ हिंदी शब्दांवर चाचण्या घेतल्या तरी त्या ओळी ‘व्यापलेल्या’ दिसतात, आणि ‘कुऱ्हाड’ व ‘ऱ्हास’ हे शब्द एकदाही तपासले गेले नसल्याची उणीव कोणत्याही अहवालात उमटत नाही. व्याप्ती वाढवणे म्हणजे आधी अशा शब्दांची निवड करणे होय, आणि हे काम ती भाषा रोज लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाकडून नीट होणार नाही.

हार्फबझमधील आकारविषयक चाचणी दिसायला एका ओळीचीच असते: फाँटचा छाटून लहान केलेला तुकडा, क्रमांकांची मालिका, आणि अपेक्षित आकृत्यांची नावे व स्थाने. यातील अपेक्षित उत्तर लायब्ररीच्या आजच्या उत्तरावरून साधनाने आयते नोंदवता येते, आणि खरा धोका तेथेच आहे. कारण आजचे उत्तर चुकीचे असेल, तर चाचणी त्या चुकीचीच राखण करू लागते व पुढे ती दुरुस्त करणाऱ्यालाच अडवते. म्हणून नोंदवलेली आकृती मराठी वाचणाऱ्याने डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती चाचणी स्वीकारली जाऊ नये.

बांधणीची यंत्रेही एकाच जातीची नसावीत. ओपनटाइप फाँटमधील संख्यांचा मोठा बाइट आधी येतो, तर नेहमीच्या इंटेल व आर्म यंत्रांवर लहान बाइट आधी असतो. या दोन्ही प्रकारच्या आणि ३२ बिटांच्याही यंत्रांवर बांधणी होऊन चाचण्या चालल्या, तरच बाइटांची अदलाबदल नको तेथे होण्यासारख्या, एकाच जातीच्या यंत्रावर लपून राहणाऱ्या चुका उघड्या पडतात.

भाषेचा निर्देश तर फारच सहज सुटतो. अनेक फाँट ‘ल’ आणि ‘श’ यांचे मराठी वळण स्वतंत्रपणे देतात, पण मजकूर मराठी असल्याचे सांगितले तरच ते वळण निवडले जाते. चाचणीत भाषा लिहिली नसेल, तर देवनागरीचे सर्वसाधारण वळण येते आणि चाचणी उत्तीर्ण होते. त्यामुळे ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या जोडीसह ‘शाल’सारखा शब्दही, भाषेच्या निर्देशासह व त्याविना असा दोनदा, चाचणीसंचात असावा.