थेट फुफ्फुसात

मार्गशीर्ष म्हणजे टरबुजाचा हंगाम नव्हे. तरीही चकलांब्याच्या आमच्या जुन्या घराच्या माळवदावर सकाळी चहाचा कप घेऊन गेलो, तर पिकलेल्या टरबुजाचा वास नाकाशी आला. इकडेतिकडे पाहिलं. कठड्याला टेकून चुलतभावाचा नातू उभा होता. मला पाहताच त्यानं हातातलं काहीतरी खिशात घातलं आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. पण पोटातलं गुपित काही नाकाला सांभाळता येत नाही. पांढऱ्या वाफेचे दोन लोट बाहेर आलेच.

मुलगा बावीस वर्षांचा. पदवी झाली आहे, पोलीसभरतीची तयारी चालू आहे. पहाटे उठून गेवराईच्या रस्त्यावर धावतो. आईवडील उसाच्या फडात. आमच्या बीड जिल्ह्यातल्या हजारो कुटुंबांसारखे तेही दर वर्षी टोळीबरोबर कारखान्याला जातात. पोराच्या अंगावर वर्दी चढली की कोयता कायमचा खाली ठेवायचा, असं दोघांनी मनाशी ठरवून टाकलं आहे. म्हणजे भरतीतली सोळाशे मीटरची धाव त्या एकट्याची नाही, तिघांची आहे.

मी हात पुढे केला. जरा आढेवेढे घेऊन त्यानं ती वस्तू माझ्या तळहातावर ठेवली.

“काय नसतंय बघा आबा त्यात. नुस्ती वाफ हाय, हुक्क्यावानी. जाळ नाही, धूर नाही, तंबाखू बी नाही. समदे पोरं ओढायलेत आता.”

मग त्यानं खोकंही आणून दाखवलं. वस्तू मुठीत मावणारी, गुलाबी-हिरवी, लहान मुलाचं खेळणं वाटावं अशी. आत बॅटरी, तापणारी तार आणि सुवासिक द्रव. खोक्यावर इंग्रजीत मजकूर होता. त्याचा अर्थ असा: फक्त प्रौढांसाठी. हुक्क्यासारखा मोकळा झुरका. थेट फुफ्फुसात ओढणाऱ्यांसाठी खास. द्रव १५ मिलिलिटर, निकोटिन ५ टक्के. संपल्यावर फेकून द्यावी. किंमत बाराशे रुपये. पुण्यातल्या एका दुकानदारानं गल्ल्याखालून काढून दिलेली. पावती अर्थातच नाही.

माझी सारी नोकरी बँकेत गेली आणि तिच्यातली निम्मी ग्रामीण शाखांत, कर्जप्रकरणं तपासण्यात. अर्जदाराचं म्हणणं ऐकायचं, जागेवर जाऊन पाहणी करायची, जमा एका बाजूला आणि नावे दुसऱ्या बाजूला मांडायचं, तारण तपासायचं आणि मग शेरा मारायचा. ओरडलं की वस्तू खिशातून गोधडीखाली जाते, एवढाच फरक पडतो, हे मला अनुभवानं ठाऊक आहे. कारण मीही वडिलांपासून सिगारेट लपवली होती. तेव्हा रागावण्याआधी या प्रकरणाचीही रीतसर पाहणी करायचं मी ठरवलं.

आधी जमेची बाजू, कारण ती लपवली तर अहवाल खोटा ठरेल. बिडी, सिगारेट, चिलीम किंवा हुक्का यांत काहीतरी जळतं. जळण्यातून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि फुफ्फुसाचं व हृदयाचं मोठं नुकसान त्यातून होतं. हुक्क्याच्या पाण्यातून धूर गाळला जातो हा आपल्याकडचा जुना समज. पाणी धूर थंड करतं, त्यातलं विष काढून घेत नाही. शिवाय वरच्या कोळशाचा वायू वेगळाच. या नव्या वस्तूत काही जळत नाही, फक्त तापतं. म्हणून वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्या माणसानं ती पूर्ण सोडून इकडे वळावं, त्यात हानी कमी आहे, असं ब्रिटनचं आरोग्य खातं सांगतं. हान लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञानं २००३ च्या सुमारास आजच्या ई-सिगारेटचा घाट घातला, तोही स्वतःचं धूम्रपान सुटावं म्हणून. त्याचे वडील फुफ्फुसाच्या कर्करोगानं गेले होते. तेव्हा हेतूत खोट नव्हती.

आता नावे. खोक्यावरचे ‘थेट फुफ्फुसात’ हे शब्द नीट समजून घेतले पाहिजेत. सिगारेट ओढणारा सहसा धूर आधी तोंडात घेतो, मग छातीत. हुक्क्यात तसं नसतं. तिथं श्वासच ओढला जातो, एका दमात छाती भरेपर्यंत. म्हणून एका झुरक्यात जाणारा ऐवज कितीतरी मोठा असतो. या पद्धतीनं ओढणारे जाणते लोक, परदेशात जिथं हे कायदेशीर आहे तिथं, द्रव अगदी सौम्य घेतात. दर मिलिलिटरला निकोटिन ३ ते ६ मिलिग्रॅम. ५ टक्के म्हणजे ५० मिलिग्रॅम. ब्रिटन आणि युरोपात कोणत्याही पद्धतीसाठी कमाल मर्यादा २० आहे. म्हणजे पाइप हुक्क्याचा आणि दारू मात्र अर्कासारखी, असा हा संयोग. प्रौढ वापरणाऱ्याच्या दृष्टीनं पाहिलं तरी वस्तूची बांधणीच चुकीची आहे.

कागद घेऊन मी हिशेब मांडला. १५ मिलिलिटर गुणिले ५० म्हणजे ७५० मिलिग्रॅम. सगळं काही शरीरात जात नाही. बरंचसं वाफेबरोबर बाहेर पडतं. बँकेच्या सवयीनं मी निम्मंच धरलं, ३७५. एका सिगारेटमधून शरीराला एक ते दीड मिलिग्रॅम निकोटिन मिळतं. दीड धरलं तरी अडीचशे सिगारेटी झाल्या. “किती दिवस पुरती रे तुला ही?” मी विचारलं. “पंधरा दिस.” म्हणजे ज्यानं आयुष्यात बिडीला हात लावला नाही, त्या पोराच्या अंगी रोजच्या सोळा-सतरा सिगारेटींची सवय मुरली होती. कागदावरचा आकडा पाहून तो गप्प झाला. तो गृहीतकांवर बेतलेला अंदाज होता, पण निम्म्यानं चुकला असता तरी काळजी मिटत नव्हती.

एवढं निकोटिन घशाखाली उतरतं कसं? खरं तर उतरू नये. निकोटिन मुळात घशाला झोंबतं, ठसका आणतं. पण त्यात बेंझोइक आम्लासारखं आम्ल मिसळलं की त्याचा क्षार बनतो आणि झोंबणं जातं. वर गारवा देणारं रसायन आणि टरबुजाचा वास. शरीर जो नकार देणार असतं, त्याचं तोंडच दाबून टाकलेलं असतं.

इथं मला आजोबांची चिलीम आठवते. तंबाखू आपल्याकडे काही आजची नाही. दख्खनमध्ये ती आधी रुळली आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला असद बेग नावाच्या सरदारानं विजापूरहून ती अकबराच्या दरबारात नेली. बादशहानं झुरका घेतला तेव्हा हकिमांनी विरोध केला होता. पुढे जहांगिरानं १६१७ मध्ये बंदीही घातली. ती किती टिकली, हे आपण पाहतोच आहोत.

आजोबांची चिलीम ओढायची म्हणजे एक खटाटोपच होता. तंबाखू चोळायची, खडा बसवायचा, छापी ओली करायची, चुलीतला निखारा आणायचा. मग ओसरीवर दोघं-चौघं जमायचे, चिलीम हातोहात फिरायची. दोन झुरक्यांनंतर ठसका लागायचा, आणि भरलेली चिलीम संपायची. मी त्या दिवसांचे गोडवे गात नाही. आजोबा अखेरची पाच वर्षं उशीला टेकून बसल्या बसल्याच झोपत, इतका त्यांना दमा होता. तरीही त्या विषाला चार ठिकाणी लगाम होते: खटाटोप, सोबत, ठसका आणि शेवट. या नव्या वस्तूनं चारही लगाम काढून टाकले आहेत. ती पांघरुणात ओढता येते, एकट्यानं ओढता येते, ठसका लागत नाही आणि हजारो झुरके झाले तरी संपत नाही. ही सोय हाच तिचा खरा दोष, असं माझं मत झालं.

आता एक कबुली. पाहणी पूर्ण करायची म्हणून मी स्वतः एक झुरका घेतला. सिगारेट सोडून दोन तपं झाली. वाटलं होतं, थुंकून टाकीन. तसं झालं नाही. छातीत काही टोचलं नाही, आणि क्षणभरानं डोक्यात जुना ओळखीचा दिवा लागला. दुसरा झुरका घ्यावासा वाटला, चटकन, अगदी सहज. मी ती वस्तू खाली ठेवली, पण त्या दिवशी दुपारपर्यंत ती कुठं ठेवली आहे हे माझ्या ध्यानात होतं. सहासष्ट वर्षांच्या माणसाची ही गत, तर बाविशीतल्या पोराला मी कोणत्या तोंडानं दोष देऊ?

राहिला कायदा. २०१७ च्या डिसेंबरअखेर मुंबईत कमला मिलच्या आगीत १४ जणांचा बळी गेला. हुक्क्याच्या निखाऱ्यावर संशय गेला आणि २०१८ मध्ये महाराष्ट्रानं हुक्का पार्लरांवर बंदी आणली. पाठोपाठ २०१९ मध्ये केंद्रानं ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात बंद केली. त्या कायद्याच्या व्याख्येत ई-हुक्क्याचं नाव स्पष्ट आहे आणि निकोटिन असो वा नसो, दोन्ही त्यात येतात. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. रोख विकणाऱ्यावर आहे.

बिडी-सिगारेट प्रत्येक टपरीवर आणि वाफेवर मात्र बंदी, हा न्याय कुठला, असा प्रश्न पोरं विचारतात. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एवढंच, की एक जुनं कर्ज वसूल होत नाही म्हणून तशाच दुसऱ्या अर्जदाराला नवं देत नाहीत. पण बंदीची एक बाजू घरातल्यांनी ध्यानात घ्यावी. चोरून येणाऱ्या मालाची तपासणी कुणीच करत नाही. खोक्यावर ५ टक्के लिहिलं म्हणजे आत पाचच असेल, याला तारण काय? अमेरिकेत २०१९-२० मध्ये अशा उपकरणांमुळे फुफ्फुसाला इजा होऊन दोन हजार आठशेंवर रुग्ण नोंदले गेले, ६८ दगावले. दोष मुख्यतः गांजाच्या तेलात मिसळलेल्या ‘ई’ जीवनसत्त्वाच्या एका संयुगाचा निघाला, आणि तो माल बहुतेक उघड बाजाराबाहेरचा होता. ओढणाऱ्यांना आत काय आहे याचा पत्ता नव्हता.

माझा शेरा असा. ज्यानं कधी तंबाखू घेतली नाही, त्याचा अर्ज सपशेल नामंजूर. जो खरोखर प्रौढ आहे, वीस वर्षं सिगारेट ओढतो आणि सुटका मागतो, त्यानं गल्ल्याखालच्या खोक्याकडे जाऊ नये. निकोटिनचं च्युइंग गम औषधाच्या दुकानात मिळतं, डॉक्टर आहेत, आणि १८००-११-२३५६ ही सरकारची व्यसनमुक्तीची फुकट दूरध्वनी सेवा आहे. आणि जो आधीच अडकला आहे, त्याचं काय? त्याचं खातं बुडीत म्हणून बंद करता येत नाही. त्याला हप्ते बांधून द्यावे लागतात.

“मंग सोडू कसं आबा?” असं पोरानं विचारलं, तेव्हाच खरी पाहणी संपली. दोन दिवस हात लावला नाही की डोकं दुखतं, चिडचिड होते, हे त्यानं आपणहून सांगितलं. मी त्याला बीडला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गमची मात्रा आणि ती कमी करत न्यायचं वेळापत्रक लिहून दिलं. “मायला सांगू नका,” एवढीच त्याची अट होती. मी सांगितलं नाही. पण हा लेख लिहायला घेतला तेव्हा त्याला म्हटलं, छापून आल्यावर तिला दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा तू सांगितलेलं बरं.

रात्री त्यानं फडावर फोन लावला. मी शेजारीच होतो. पलीकडे बराच वेळ नुसता कुत्र्यांचा आवाज येत होता. मग तिनं विचारलं, “केवढ्याला येतंय रं ते?”

किती टन ऊस तोडला की बाराशे रुपये होतात, हे तिला बोटांवर मोजता येतं. त्यानं खरा आकडा सांगितला.

सध्या पहाटे मी मफलर गुंडाळून गेवराईच्या रस्त्यावर घड्याळ धरून उभा राहतो. उन्हाळ्यात सोळाशे मीटरला त्याला साडेपाच मिनिटं लागत होती. मध्यंतरी सहाला टेकली होती. कालची वेळ पाच मिनिटं आणि अठ्ठेचाळीस सेकंद. अजून अठरा सेकंद यायची आहेत.