थॉमस स्टीफन्सच्या गावी एक प्रत

मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र शासन यांस,



लेकीकडे स्विंडनला गेले होते, तेव्हा विल्टशरमधल्या क्लिफ पायपर्ड या खेड्यातले सेंट पीटर्स चर्च मुद्दाम पाहून आले. झाडीने भरलेला टेकडीचा उतार आणि पायथ्याशी हे जुने दगडी चर्च. इंग्लंडच्या इमारतींची गावोगाव फिरून नोंद करणारे निकोलाउस पेव्हस्नर याच आवारात पुरलेले आहेत. आत थॉमस स्पॅकमन या सुताराचा संगमरवरी पुतळा आहे, शेजारी त्याची हत्यारेही कोरलेली. एका कारागिराला देवाच्या दारी एवढा मान मिळालेला पाहून फार बरे वाटले.

मी मात्र गेले होते दुसऱ्या थॉमससाठी. याच पॅरिशमधल्या बुश्टन या वाडीत १५४९ च्या सुमारास थॉमस स्टीफन्स जन्मले. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिकांना जगणे अवघड होते. ते रोमला जाऊन जेझुइट झाले, १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला पोचले आणि पुढची चाळीस वर्षे, १६१९ मध्ये मरण येईपर्यंत, इथलेच झाले. गोव्यातल्या साष्टी भागातल्या धर्मांतरांचा इतिहास कडवट आहे. तो कुणी झाकू नये. तरीही परमुलखातून येऊन मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचणारा हा माणूस मला आपला वाटतो.

१६०८ मध्ये त्यांनी रोमला पत्र लिहून देशी लिपीत पुस्तके छापण्याची परवानगी मागितली होती. प्रत्यक्षात १६१६ मध्ये गोव्यातल्या राचोलला ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले ते रोमन लिपीत. त्या छापील प्रतींपैकी आज एकही हाती नाही. पुण्याच्या शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये ते देवनागरीत आणले, तोवर स्टीफन्स जाऊन तीन शतके उलटली होती.

मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद आहे. त्या आनंदातली एक वस्तू या खेड्यात पोचावी. शासनाने ‘क्रिस्तपुराणा’ची देवनागरी प्रत या चर्चला भेट द्यावी, सोबत दोन पानांचा इंग्रजी परिचय जोडावा. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभे आहे. त्यांना विचारले तर तेही हातभार लावतील.

पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा लेकीकडे जाणार आहे. टपालाची अडचण असेल तर प्रत माझ्याकडे द्या. सामानातले दोन डबे कमी करीन.

आपली,
एक मराठी वाचक