डबा आणि चिठ्ठी

भोपाळला स्थायिक झालेल्या एका वाचक भगिनी लिहितात: "एप्रिलमध्ये सकाळी सातला बांधून दिलेली अंड्याची सँडविचेस मुलाने दुपारी एकला खाल्ली आणि त्याचे पोट बिघडले. दोन दिवसांनी शाळेसाठी इंग्रजी चिठ्ठी लिहिली, तर त्याने अंथरुणातूनच लाल पेन्सिलीने माझ्या दोन चुका दाखविल्या. सँडविच कसे टिकवावे? आणि त्या चुका खऱ्याच का?"

प्रथम डब्याविषयी. भोपाळच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर चढतो. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान अंडे व मांस यांत रोगजंतू झपाट्याने वाढतात. असे पदार्थ दोन तासांहून अधिक, आणि ३२ अंशांवरील उष्म्यात एका तासाहून अधिक, बाहेर ठेवू नयेत. वास चांगला येतो, एवढ्यावर विसंबू नये. उन्हाळ्यात लोणी व शेंगदाण्याची सुकी चटणी, किंवा जॅम, हेच बरे. लोणी पावाच्या कडेपर्यंत लावावे, म्हणजे ओल आत मुरत नाही. काकडी वेगळ्या डबीत द्यावी. पाव सुकू नये म्हणून सँडविचवर स्वच्छ, घट्ट पिळलेले ओलसर फडके गुंडाळून डब्याचे झाकण लावावे. वर्तमानपत्राचा कागद मात्र कदापि नको. छपाईची शाई अन्नात उतरते, असा इशारा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ साली दिला आहे.

आता चिठ्ठी. आपण 'सिन्स टू डेज' लिहिलेत. मराठीत 'रविवारपासून' आणि 'दोन दिवसांपासून' या दोहोंना एकच 'पासून' पुरतो. इंग्रजीत तसे नाही. आरंभाचा क्षण सांगावयाचा तर 'सिन्स संडे', काळाची लांबी सांगावयाची तर 'फॉर टू डेज'. म्हणून 'ही हॅज बीन इल फॉर टू डेज' असे लिहावे.

दुसरी चूक 'सँडविच' या शब्दात घातलेल्या 'टी' या अक्षराची. 'टी' घातला की शेवटी चेटकीण येऊन बसते! हा शब्द इंग्लंडमधील सँडविच या गावाच्या नावाने सरदारकी मिळालेल्या जॉन माँटेग्यू यांच्यावरून आला. इतिहासकार गिबन यांच्या १७६२ सालच्या रोजनिशीत तो आढळतो. भूगोलातील 'ग्रीनिच' आठवावे. दोहोंच्या अखेरीस डब्ल्यू, आय, सी, एच हीच अक्षरे येतात.

तेव्हा भगिनी, चुका खऱ्याच. परंतु त्यांत लाज ती कसली? चिरंजीवांनी लाल पेन्सील हाती घेतली, त्याअर्थी प्रकृतीस उतार पडला, हे काय थोडे झाले?