पिशवीतील माती म्हणजे शेतातील माती नव्हे

फळबागेची भरभराट कलमावर अवलंबून असते, ही गोष्ट शेतकऱ्यांना निराळी सांगावयास नको. कलम विकत घेताना ते उंच आहे काय, पाने हिरवीगार आहेत काय, जोड नीट बसला आहे काय, हे सर्व बारकाईने पाहिले जाते. परंतु ते ज्या पिशवीत वाढले, तिच्यात कोणती माती भरली आहे, याची चौकशी क्वचितच होते. वास्तविक झाडाचे पुढील सारे आयुष्य ज्या मुळांवर उभे राहावयाचे, ती मुळे याच मातीत घडत असतात.

जी माती शेतात उत्तम, ती पिशवीतही उत्तम, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. ती तपासून पाहिली पाहिजे. दख्खनच्या भारी काळ्या जमिनीत शेकडा 40 ते 60 भाग चिकणमातीचे असतात. शेतात हीच माती ओल धरून ठेवते आणि रब्बीचे पीक पिकवते. तेथे तिला खोली असते, नांगरट व कुळवणी मिळते, जादा पाणी हळूहळू खालच्या थरात उतरते. पिशवीत यांपैकी काहीच नसते. तेथे माती वीतभर खोलीवर संपते. म्हणून खाली छिद्रे असूनही तळाशी चिंब मातीचा एक थर राहतोच. मातीचे कण जितके बारीक, तितका हा थर उंच. पिशवी जितकी आखूड, तितका मुळांचा अधिक भाग त्यात सापडतो. तळाशी खडी घातल्याने निचरा सुधारतो, हाही भ्रमच होय. बारीक मातीतील पाणी ती पूर्ण भिजल्याखेरीज खडीत उतरत नाही. चिंब थर तेवढा वर सरकतो. मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते, आणि या थरात हवेला जागा नसते.

या बाबतीत परदेशातील एक उदाहरण बोलके आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात, विशेषतः लुइझियाना राज्यात, बाल्ड सायप्रस नावाचा वृक्ष दलदलीत वाढतो. त्याचे बोन्साय, म्हणजे उथळ कुंडीतील लहान झाड, करणारे जाणते लोक कुंडीत दलदलीचा चिखल भरीत नाहीत. ज्वालामुखीच्या सच्छिद्र खडकाचे दाणे, पाइनच्या सालीचे तुकडे असे भरड मिश्रण ते वापरतात आणि पाणी मात्र भरपूर देतात. दलदलीत जन्मलेल्या झाडालाही कुंडीत मोकळी माती लागते. मग आंबा, पेरू, डाळिंब यांची मुळे चिकट मातीत कशी सुखी राहतील?

माती, वाळू व शेणखत समभाग घ्यावे, असे सामान्यतः सांगितले जाते. हे प्रमाण चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कारण कोणती माती व कोणती वाळू, हा खरा प्रश्न आहे. भारी काळ्या मातीत बारीक वाळू मिसळली तर मिश्रण विटेसारखे घट्ट बसते. शक्य तेथे काळ्या मातीऐवजी पोयटा घ्यावा. वाळू मोहरीपासून बाजरीपर्यंतच्या दाण्याची असावी आणि धूळ चाळून टाकावी. नदीची वाळू महाग वा दुर्मिळ असेल तेथे पक्क्या विटांचा भरड चुरा, कोकणात जांभ्याची बारीक खडी किंवा भाताचे जळके तूस उपयोगी पडते. नारळाच्या काथ्याचा भुसा धुऊन, क्षार काढूनच घ्यावा. मात्र निव्वळ भुशात वाढविलेले कलम हलके व स्वस्त पडत असले, तरी भारी जमिनीत लावल्यावर त्याचा गड्डा भोवतालच्या मातीशी लवकर एकजीव होत नाही. म्हणून मिश्रणात थोडी माती असावीच.

शेणखत पूर्ण कुजलेले असावे; कच्च्या खताबरोबर हुमणी येते. सौम्य आम्लाचा थेंब टाकताच फेस येणारी चुनखडीची माती टाळावी. मर रोगाने उठलेल्या डाळिंबाच्या बागेतील माती तर पिशवीत कदापि भरू नये; तिच्यातून रोगाची बुरशी व सूत्रकृमी नव्या बागेत जातात. एप्रिल-मे महिन्यांत ओलसर मिश्रणावर पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे घट्ट झाकून ठेवल्यास उन्हाच्या उष्णतेने यांचा उपद्रव पुष्कळ कमी होतो.

मोकळे मिश्रण लवकर सुकते, उन्हाळ्यात दोनदा पाणी द्यावे लागते आणि खर्च वाढतो, अशी रोपवाटिकाचालकांची तक्रार असते. ती खोटी नाही. परंतु हा खर्च कोणी सोसावा, याचा विचार व्हावयास हवा. गुदमरलेल्या मुळांचे कलम रोपवाटिकेत हिरवेच दिसते. ते शेतकऱ्याच्या शेतात गेल्यावर खुरटते, आणि आंब्यासारख्या झाडाचा दोष कळेपर्यंत चार-पाच वर्षे निघून जातात. कलमाची किंमत भरून येईल. गेलेली वर्षे भरून येत नाहीत.

1990 साली रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाल्यापासून कलमांची मागणी पुष्कळ वाढली. मागणी वाढली की भरणीत घाई होते. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी कलमांची तपासणी पानांवर संपवू नये. प्रत्येक खेपेतील एक-दोन पिशव्या फाडून पाहाव्यात. मुळे पांढरी व ताजी आहेत की तपकिरी, कुजकट वासाची आणि तळाशी वेटोळे घातलेली आहेत, हे एका दृष्टिक्षेपात कळते. ओली माती मुठीत दाबावी. गोळा व्हावा, पण बोट लावताच फुटावा. शेतकरी बंधूंनीही ही परीक्षा मागून घ्यावी. शंभर कलमांची बाग लावताना एका कलमाचे मोल त्यासाठी खर्ची पडले, तर ते व्यर्थ गेले असे कोणी म्हणणार नाही.