ऐकणारा हवा



औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण आपण ओळखतो. तांबडा सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. पण आतले माहितीपत्रक कोण वाचतो? परवा एका वस्तीवर पाचवीतल्या मुलीने ते घडाघडा वाचले. “मग भेंडी कधी तोडायची गं?” विचारले, तर गप्प. बाप दुसऱ्याच दिवशी तोडणार होता!

अशा मुलांना घरी रोज पंधरा मिनिटे द्या. तुम्हांला वाचता येत नसले तरी अडत नाही; ऐकणारा हवा. आईने भाकरी थापताना पोराला चुलीपाशी बसवावे, आवडेल ते वाचू द्यावे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते, शाळेत विचारा. गोष्ट अर्ध्यावर आली की थांबवा. “आता पुढं काय व्हईल रं?” एवढे विचारले की पोरगं अर्थ धरून वाचू लागते.

लिहिण्यासाठी एक वही करा. गाईने दूध किती दिले, पाऊस पडला का, कांदा काय भावाने गेला. रोज दोन ओळी पुरे, तिसरी त्याच्या मनाची.

ऱ्हस्व-दीर्घ मात्र लगेच काढू नका. मी बी.एस्सी. झालेला, पण इथेच चुकलो. थोरल्याच्या प्रत्येक वेलांटीवर ओरडलो. चौथीत त्याने गोष्टीचे पुस्तक मिटले ते मिटलेच. धाकटीच्या वेळी तोंड आवरले. ती मामाला चार-चार पानी पत्रे लिही, निम्म्या वेलांट्या चुकीच्या. मामाने ती अजून ट्रंकेत ठेवली आहेत.

त्या वस्तीवरच्या मुलीलाही वही दिली आहे. पुढच्या फेरीत बघणार आहे.